हातभर गडगा

आमच्या गावाला भूकंप झाला होता असं मी सांगितलं की घरातली पोरं गालातल्या गालात हसतात. "आजोबा, तुम्हाला वादळ म्हणायचंय का?" अरे, वादळ कळतं मला. सगळा जन्म समुद्रकाठी गेलाय. भूकंपच झाला होता, मिठाच्या सत्याग्रहाच्या आधी दोन-तीन वर्षं. माणूस एकही दगावलं नाही, म्हणून कुठल्या वर्तमानपत्रात बातमी आली नाही. भूकंपाने केलं ते थोडंच होतं. उरलेलं आम्ही केलं. त्यातला माझा वाटा किती, ते मी आज लिहून ठेवतो आहे, कारण आता मला ओरडायला मोठं कोणी उरलेलं नाही.

गाव श्रीवर्धनपासून बैलगाडीने दीडेक तासावर. समुद्र, मग वाळूची पुळण, मग नारळी-पोफळींच्या वाड्या आणि वाड्यांच्या पोटात घरं. आमच्या आळीतून जी पाखाडी जायची, म्हणजे जांभ्या दगडांनी बांधलेली गल्ली, तिच्या दोन्ही अंगांना गडगे होते. चुना-माती न घालता नुसते दगडावर दगड रचून छातीएवढी केलेली भिंत, तो गडगा. आमच्याकडे वाडीची हद्द म्हणजे गडगाच. सरकारी मोजणीचे दगड होते म्हणे कुठेतरी, पण ते बघितलेला माणूस मला भेटला नाही.

पाखाडीच्या तोंडाशी डाव्या हाताला माझी वाडी. समोर उजव्या हाताला एका काकांची, ते नात्याने लांबचे पण भांडणाने अगदी जवळचे. आणि पाखाडी जिथे संपते तिथे दादांची. दादा माझे चुलतचुलत भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. त्यांच्या वडिलांची वाडी एका वादळात भुईसपाट झाली, तेव्हा विशीतल्या दादांनी सगळी पोफळीची रोपं स्वतःच्या हाताने लावली होती. पोफळ हे भलतं नाजूक काम. रोप लावल्यापासून हाताला सुपारी लागेपर्यंत आठ-दहा वर्षं जातात, आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी मिळालं नाही तर ते झाड रुसत नाही, सरळ मरतं. दादांची वाडी नुकती कुठे भरात आली होती. तेवढंच त्यांचं होतं. मला शाळेतली मास्तरकी होती, काकांचे दोन मुलगे मुंबईला चिकटले होते. दादांना ती वाडी, आणि तिला पाणी देणारी एक विहीर. बस्स.

आता पाखाडीची रुंदी किती असावी याला आमच्या गावात एक माप होतं. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. प्रत्येक आळीत शेवटच्या घरापर्यंत जाते, आणि वाटेत खांदेकऱ्यांनी तिला गोल फिरवायची असते. पालखी अडखळता कामा नये. म्हणून गडगा घालताना म्हातारी माणसं विचारायची, "पालखी वळेल ना रे?" वळत असेल तर गडगा बरोबर. फूटपट्टीचं कामच नाही.

त्या वर्षीही पालखी आली, वळली, दादांच्या अंगणात टेकली. गावचा गुरव प्रत्येक घरासमोर उभा राहून देवाला गाऱ्हाणं घालायचा आणि घरच्या माणसाला विचारायचा, "मागणं काय?" कोणी मुलगा मागायचं, कोणी नोकरी. दादांच्या घरून मागणं घालायच्या वहिनी, आणि दरवर्षी एकच मागणं. "वाडीला पाणी असू दे." मग सगळे ओरडायचे, "व्हय म्हाराजा!" काका मला कोपर मारून म्हणायचे, "ही बाई देवाला कंटाळा आणणार बघ एक दिवस." आम्ही हसायचो.

पालखी देवळात परत जाऊन आठ दिवस झाले असतील. शाळा सकाळची होती. मी जेवून ओटीवर आडवा पडलो होतो. आधी झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. वाटलं, कोणीतरी बसलं. बघतो तर झोपाळा रिकामा आणि आपला आपण झुलतोय. मग जमिनीखालून भरलेली गाडी चालल्यासारखी घरघर आली आणि कौलं घसरून अंगणात पडायला लागली. बायको पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आली. "अहो, उठा! घर हलतंय!" मी डोळे चोळत विचारलं, "कोण हलवतंय?" या एका प्रश्नावरून तिने मला पुढे जन्मभर छळलं.

अंगणात येईपर्यंत सगळं थांबलंही होतं. कावळे तेवढे आभाळात घिरट्या घालत ओरडत होते. आम्ही गावात फिरून बघितलं. देवळाच्या दीपमाळेचं टोक खाली आलं होतं. शाळेची मागची भिंत कोपऱ्यात उभी फाटली होती, आत हात जाईल एवढी. खाडीकडच्या खाचरांत जमिनीला भेगा पडून त्यांतून काळी वाळू आणि खारं पाणी वर आलं होतं, वारुळांसारखे ढीग झाले होते. पाखाडीचे दगड जागोजाग उचकटलेले. आणि गडगे? गावातले यच्चयावत गडगे पाखाडीत आडवे. दगड कुठला कोणाचा, काही कळायला मार्ग नाही.

दादांचं घर शाबूत होतं. पण विहिरीचं एक अंग आत ढासळलं होतं आणि त्याबरोबर रहाटही गेला होता. बैल दुपारचा सोडलेला होता म्हणून वाचला. काठाशी आम्ही पाच-सहा जण उभे होतो. आत पाण्याच्या जागी दगडमातीचा चिखल दिसत होता. दादा म्हणाले, "बैल वाचला हे काय कमी झालं?" वहिनी शेजारीच होत्या. त्या विहिरीकडे बघतच नव्हत्या, वर पोफळींच्या शेंड्यांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून गाव गडगे रचायला लागलं. गुरं शिरतील, दुसरं काय. मी एक गडी लावला. त्याने पडलेले दगड बाजूला केले आणि मला हाक मारली. "मास्तर, जुना पाया हितं हाय." मी गेलो. पायाचे दगड स्वच्छ दिसत होते, एका रेषेत, माझ्या आजोबांच्या हातचे. समोर काकांचा गडगा रचणारा माणूसही कामाला लागला होता, आणि काकांनी आपला गडगा पाखाडीत चांगला हात-सव्वा हात पुढे सरकवलेला मला दिसत होता. काका तंबाखू मळत उभे. माझ्याकडे बघून म्हणाले, "जुना पाया हलला रे. नवा घ्यावा लागतो."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, हे बरं आहे! भूकंपाने यांना जमीन दिली आणि मी काय टाळ कुटू? मी गड्याला सांगितलं, "आपलाही पाया हललाय. हातभर पुढे घे."

गडी म्हणाला, "हलल्यावानी दिसत न्हाय, मास्तर."

"तुला विचारलंय का?"

त्याने मान खाली घालून दोरी पुढे धरली. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे मी पुष्कळांना सांगितलं की पडझडीत जुनी रेषा सापडली नाही. सापडली होती. मी शाळेत पोरांना लांबी-रुंदी शिकवायचो, पट्टी चुकली तर हातावर छडी द्यायचो.

हातभर मिळालेल्या त्या पट्टीत मी पोफळीची पाच रोपं लावली. संध्याकाळी बायको बघायला आली. म्हणाली, "छान. आणि पालखी कशी वळायची?"

मी म्हणालो, "शिमगा कालच झाला. पुढच्या शिमग्याचं पुढच्या शिमग्याला बघू."

ही आमची अक्कल! पाखाडी म्हणजे वर्षातून एकदा पालखीला लागणारी गोष्ट, असंच जणू आमच्या डोक्यात होतं. पालखी नुकती गेलीय, म्हणजे आता वर्षभर माप घ्यायला कोणी येत नाही. काकांनी तोच हिशेब केला, मी तोच केला. त्या वाटेच्या टोकाला एक घर आहे, त्याला रोज येजा करायची असते, हे दोघांच्याही मनात आलं नाही. निदान माझ्या तरी आलं नाही. काकांचं काकांना ठाऊक.

विहीर बांधायला दादांना जांभ्या दगडाचे चिरे हवे होते. खाण गावाबाहेर टेकडीवर. गवंडी पंचक्रोशीत एकच धड, आणि भूकंपानंतर त्याला मागणी साऱ्या मुलखाची. दादांनी गळ घालून त्याचे पंधरा दिवस मिळवले. गडी लावून विहिरीतला गाळ-दगड उपसून काढला. आणि एका सकाळी चिऱ्यांची पहिली गाडी पाखाडीच्या तोंडाशी आली.

मी शाळेतून घरी येत होतो. बघतो तर गाडी माझ्या आणि काकांच्या गडग्यांच्या मध्ये अडकलेली. एका बाजूने चाकाच्या मधला तुंबा माझ्या दगडांना घासत होता, दुसऱ्या बाजूने काकांच्या. बैल फुसफुसत होते. गाडीवान म्हणाला, "गाडी न्हाय जायाची हितनं. काय केलंसा वो मास्तर, वाट कुटं गेली?"

दादा आतून आले. त्यांनी एकदा माझ्या गडग्याकडे बघितलं, एकदा समोर. मग अगदी हळू, जणू त्यांनाच लाज वाटत होती, असं मला म्हणाले, "हातभर मागे घेतोस का रे? विहीर बांधून झाली की परत घाल. मी स्वतः रचून देतो."

इथे मी "हो दादा" म्हणालो असतो तर हे लिहायला बसायचं कारणच नव्हतं. गडगा नुसता रचलेला. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. पण काका आपल्या ओटीवर बसून बघत होते. मी आधी काढला असता तर माझीच चूक होती असं झालं असतं, आणि काका तसेच राहून वर हसले असते. मी म्हणालो, "दादा, मी काढतो की. पण आधी यांना सांगा. यांनी सव्वा हात घेतलाय."

काका तिथूनच म्हणाले, "त्याने काढला की मी काढतो. धाकट्याने आधी."

"मोठ्यांनी आधी!" मी म्हणालो.

दादांनी आम्हा दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं. त्यांनी सदरा काढून माझ्याच गडग्यावर ठेवला, डोक्याला पंचा गुंडाळला आणि गाडीवानाला म्हणाले, "उतरव इथेच." आणि पहिला चिरा स्वतःच्या डोक्यावर घेतला. ओला चिरा, मणाला थोडा कमी. तो घेऊन ते पाखाडीतून आत गेले. मी बाजूला होऊन वाट दिली, आणि तेवढं केलं म्हणून मला जरा बरंही वाटलं. थू माझ्या जिनगानीवर!

चिरे शेकड्यांनी लागायचे होते. ढीग पाखाडीच्या तोंडाशी वाढत गेला आणि आत नेणारे दोन, दादा आणि त्यांचा एक गडी. जादा माणूस मिळेना, सगळे आपापल्या पडझडीत. गवंड्याने चार दिवस वाट बघितली. पाचव्या दिवशी म्हणाला, "चिरं पोचल्याबिगर मी हितं बसून करू काय?" आणि दुसऱ्या गावच्या कामावर निघून गेला. दादांची पाळी गेली. आता तो परत यायचा तो महिना-सव्वा महिन्याने.

माझ्या विहिरीला पाणी होतं. मी देत नव्हतो असं नाही. पण दादांची वाडी माझ्यापेक्षा पुरुषभर उंच. पाट काढला तरी पाणी चढ चढणार कसं? मग वहिनी कळशीने न्यायला लागल्या. एक डोक्यावर, एक कमरेवर. माझ्या दारावरून, त्या दोन गडग्यांमधून, दिवसभर. समोरून दादा चिरा आणायला आले की एकाला गडग्याला चिकटून उभं राहावं लागायचं. चैत्राचं ऊन. माझी बायकोही दोन कळश्या घेऊन त्यांच्याबरोबर जायला लागली, मला न विचारता. एकदा तिने परत आल्यावर कोपर पुढे केलं. गडग्याला घासून सालटं गेलं होतं. म्हणाली, "तुमच्या नव्या पायाने."

मी रोज ठरवायचो, उद्या काढतो. रोज सकाळी ओटीवर काका दिसायचे आणि मी तसाच शाळेची वाट धरायचो. मी काही दुष्ट माणूस नव्हतो हो. त्या महिन्यात मला नीट झोप लागली नाही, भाकरी गोड लागली नाही. पण त्याने दगड हलले नाहीत. हात हलवायला हवे होते.

कळश्यांनी कुठे वाडी शिंपली जाते? जी झाडं घराजवळ होती ती तगली. बाकीच्यांच्या विऱ्या, म्हणजे पोफळीच्या पानांची बुडखी, अवेळी गळायला लागल्या. शेंडे पिवळे पडले, मग करडे. वैशाखाच्या मध्यावर गवंडी आला. तोवर शेवटचा चिराही आत पोचला होता. विहीर बांधली, सुरेख बांधली, नवा रहाट बसला. दादांनी बैल जुंपला आणि पाणी सोडलं. मी गेलो होतो. पाणी खळखळत पाटातून गेलं आणि मेलेल्या झाडांच्या बुंध्यांशी जाऊन साचलं. दादांनी एका पोफळीच्या खोडावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "पाणी गोड लागलंय हं. पिऊन बघ."

मी प्यालो. गोड होतं. रडू आलं, पण दादांसमोर रडायला मला तोंड नव्हतं.

नव्याने रोपं लावायची म्हणजे पुन्हा दहा वर्षं. दादांचं वय चाळिशीकडे झुकलेलं, कंबर चिऱ्यांनी धरलेली. वहिनींच्या भावाने मुंबईला एका पेढीवर त्यांची सोय लावली. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने जायचं ठरलं. त्या दिवशीही गाडी आत येईना. त्यांचं सगळं सामान डोक्यावरून बाहेर आलं, पेटी, वळकट्या, देवांचा डबा. मी पेटी उचलली. काकांनीही एक वळकटी घेतली. आम्ही दोघे आमच्याच गडग्यांमधून अंग चोरत चाललो होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "जातं जड आहे गं, ते कुठे नेऊ? तुझ्याकडे राहू दे." गाडीत बसताना दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गाडी वळणाआड गेली. मी घरात गेलो, पहार घेतली आणि गडगा पाडायला लागलो. काही वेळाने समोरून दगड पडल्याचा आवाज आला. काका होते. सत्तरीचा म्हातारा, धापा टाकत दगड ढकलत होता.  जुना पाया खाली होता तसाच होता, रेषेत.

पाच रोपं उपटावी लागली. मी दादांना पत्र टाकलं की ती तुमच्या वाडीत लावतो, मी पाणी घालीन. त्यांचं कार्ड आलं. "तुझ्याच वाडीत लाव. तिथे बघणारं कोणी आहे. सर्वांस आशीर्वाद." मी ती परसात लावली. आज त्यांची सुपारी घरात सगळे खातात. मीही खातो, खोटं कशाला सांगू?

शिमगा आला. पालखी आमच्या पाखाडीत शिरली, आणि खांदेकऱ्यांनी ती अशी ऐसपैस वळवली की पोरांनी टाळ्या पिटल्या. कुलूप लागलेल्या घरालाही पालखी चुकवत नाहीत. ती दादांच्या अंगणात टेकली. अंगणात पाचोळा होता, तो माझ्या बायकोने सकाळी झाडला होता. रिकामं घर असलं की शेजाऱ्याने त्या घरचा म्हणून उभं राहायचं, असा रिवाज. गुरवाने विचारलं, "या घरचं कोण?" काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो. त्याने माझ्या हातात नारळ दिला.

"मागणं काय?"

 सगळे वाट बघत होते. त्या घरचं म्हणून एकच मागणं मला ठाऊक होतं, तेच तोंडातून आलं.

"वाडीला पाणी असू दे."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मागे दादांची विहीर होती. वर्षभर कोणी उपसलीच नव्हती. ती काठोकाठ भरली होती.